हिशोबाचा माणूस : जमनालाल बजाज

मराठी विभागासाठी एक लेख दे असं मॅडमनी सांगितलं, तेव्हा मी आधी चक्क नाहीच म्हणाले होते. कारण सगळ्या वर्गाला माहीत आहे. मी कॉन्व्हेंटची. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यात माझा अजूनही गोंधळ होतो. मेसवाले काका मुद्दाम मला मराठीत बिल सांगतात आणि मी बोटं मोजत उभी राहते. तेव्हा हिशोबाच्याच एका माणसाबद्दल मी लिहावं, हा विनोदच आहे. पण विषय असा डोक्यात बसला की लिहिल्याशिवाय राहवलं नाही. भाषेच्या चुका पोटात घाला.

सुरुवात झाली ती स्कूटरवरून. पुण्यात येऊन दोन वर्षं झाली. बसची वाट बघण्यात किती तास गेले याची बेरीज हॉस्टेलमधल्या कुणीच करू नये, त्रास होतो. सुट्टीत घरी वर्ध्याला गेले तेव्हा हे सहज बोलून गेले. बाबांनी लगेच विषय मनावर घेतला. रोख नाही जमणार, पण हप्त्यावर घेऊ म्हणाले. पुढच्या वर्षी धाकट्या भावाची ॲडमिशन आहे, हे ते बोलले नाहीत. मला ते माहीत होतं.

त्या दिवशी बाबांनी कपाटातून एक जुनी प्लास्टिकची पिशवी काढली. आत त्यांच्या चेतकचे कागद होते. माझ्या जन्माच्या आधी त्यांनी ती स्कूटर हप्त्यावर घेतली होती. प्रत्येक हप्त्याची पावती टाचणीला टोचून ठेवलेली, एकही गहाळ नाही. आर.सी. बुकावर फायनान्स कंपनीची नोंद होती आणि तीच नोंद रद्द केल्याचा आर.टी.ओ.चा शिक्काही होता. तो शिक्का मिळाला त्या दिवशी बाबांनी पेढे वाटले होते म्हणे. मला हसू आलं. स्कूटर आली तेव्हाचे पेढे वेगळे, आणि सुटली तेव्हाचे वेगळे!

हा प्रकार नीट समजून घ्यावा म्हणून मी वाचायला लागले. हायर परचेस, मराठीत भाडेखरेदी. नावातच सगळं आहे. गाडी तुम्ही चालवता, पेट्रोल तुम्ही भरता, पण शेवटचा हप्ता जाईपर्यंत मालक कंपनी असते. तुम्ही कागदोपत्री भाडेकरू. शेवटचा पैसा भरला की गाडी तुमच्या नावावर होते. अमेरिकेत १८५० च्या दशकात सिंगर कंपनीनं शिलाई मशिनं अशी विकली. १९१९ मध्ये जनरल मोटर्सनं मोटारींसाठी स्वतःची वेगळी फायनान्स कंपनीच काढली. आपल्याकडे संसदेनं १९७२ मध्ये भाडेखरेदीचा कायदा केला, पण तो कधी खऱ्या अर्थानं अमलात आलाच नाही आणि २००५ मध्ये रद्द झाला. आता बहुतेक वेळा थेट कर्जच मिळतं. गाडी तुमच्या नावावर असते, पण तारण म्हणून कंपनीची नोंद आर.सी.वर राहते.

आणि या सगळ्यात आपल्या पुण्याचं काय? लोणावळा लोकलनं आकुर्डीला उतरलेल्यांना ते नाव ठाऊक आहेच. याच आकुर्डीत १९८७ मध्ये बजाज ऑटो फायनान्स नावाची कंपनी सुरू झाली. काम एवढंच, की स्कूटर आणि रिक्षा घेणाऱ्यांना हप्त्यानं पैसे पुरवायचे. १९९४ मध्ये तिचे शेअर बाजारात आले, २०१० मध्ये नाव बदलून बजाज फायनान्स झालं. आज ती देशातल्या सगळ्यात मोठ्या बिगर-बँक वित्त कंपन्यांपैकी एक आहे.

वर्ध्याच्या मुलीला बजाज हे नाव नवीन नाही. आमच्याकडे बजाज चौक आहे, बजाजवाडी आहे. शाळेच्या सहली सेवाग्रामला जायच्या आणि दरवेळी आम्हाला तेच सांगितलं जायचं, की जमनालालजी म्हणजे गांधीजींचे पाचवे पुत्र. आम्ही ते परीक्षेत लिहायचो आणि विसरायचो. पण कर्जाचे कागद हातात घेऊन त्यांचं चरित्र पुन्हा वाचलं, तेव्हा एक वेगळाच माणूस दिसला. तोच इथे सांगायचा आहे.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानात, सीकरजवळच्या काशी का बास या लहानशा गावात झाला. वडील कनीराम, आई बिरदीबाई. घरची परिस्थिती बेताचीच. वर्ध्याचे सावकार आणि व्यापारी शेठ बच्छराज हे त्यांच्या लांबच्या नात्यातले. बच्छराजांचा एकुलता एक मुलगा वारला होता, म्हणून त्यांनी या जेमतेम पाच वर्षांच्या मुलाला नातू म्हणून दत्तक घेतलं. खेड्यातलं पोर एकदम वर्ध्याच्या पेढीवर आलं. शाळा फार झाली नाही. थोडं लिहिणं-वाचणं, थोडं गणित, बाकी सगळं पेढीवर बसून शिकले. (आपल्यापैकी ज्यांच्या बॅकलॉग आहेत त्यांनी यातून चुकीचा धडा घेऊ नये.)

पेढीचं काम म्हणजे कापूस आणि सावकारी. वर्धा हा कापसाचा मुलुख. शेतकऱ्यांकडून कापूस यायचा, सरकी काढून गाठी बांधायच्या आणि मुंबईला पाठवायच्या. मधल्या काळात कुणाला उधार, कुणाला कर्ज. हा सगळा व्यवहार वह्यांवर आणि शब्दावर चाले.

१९०६ मधली एक गोष्ट आपल्या पुण्याशी जोडलेली आहे. लोकमान्य टिळकांच्या केसरीची हिंदी आवृत्ती नागपूरहून काढायचं ठरलं आणि त्यासाठी मदतीचं आवाहन झालं. जमनालालजी तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे. आजोबा हातखर्चाला रोज एक रुपया देत. त्यातून साठवलेले शंभर रुपये त्यांनी देऊन टाकले. पुढे आयुष्यात त्यांनी लाखांनी दान केलं, पण या शंभर रुपयांचा आनंद त्या लाखांनाही आला नाही असं ते सांगत.

पुढच्याच वर्षी घरात ठिणगी पडली. एका लग्नाला जायचं होतं. बच्छराजांना वाटे की नातवानं दागिने घालून, श्रीमंती दिसेल असं जावं. जमनालालजींना ते नको होतं. आजोबा भडकले आणि तोंडून नको ते बोलून गेले. माझ्या पैशावर जगतोस, असा त्याचा अर्थ होता. सतरा वर्षांच्या मुलानं काय करावं? रुसून बसावं, फार तर जेवू नये. यांनी चक्क संपत्तीवरचा सगळा हक्क सोडल्याचं पत्र लिहून दिलं आणि घर सोडलं. पत्रात राग नव्हता, आजोबांबद्दल आदरच होता. बच्छराजांना पश्चात्ताप झाला. नातवाला परत आणलं गेलं. थोड्याच दिवसांत, १९०७ मध्येच आजोबा वारले आणि सगळी इस्टेट जमनालालजींच्या हाती आली.

पण एकदा सोडलेलं ते परत आपलं कसं म्हणायचं? इथून पुढे त्यांचं आयुष्य समजायला हाच प्रश्न उपयोगी पडतो. मिळालेली संपत्ती ही आपल्याकडे ठेव म्हणून आहे, असं त्यांनी मनाशी धरलं आणि मूळ रक्कम व्याजासकट समाजाला परत करायची असं ठरवलं. पुढच्या पस्तीस वर्षांत त्यांनी ती कितीतरी पटींनी फेडली. गांधीजींचा विश्वस्त कल्पनेचा विचार आपण पुस्तकात वाचतो. यांनी तो गांधीजी भेटायच्या आधीच वहीत मांडला होता.

बरं, असं असूनही धंदा सोडला नाही. उलट वाढवला. आणि तो कसा, याचं एक उदाहरण सगळ्यात आवडलं. त्या काळी गाठी बांधण्याआधी कापसावर पाणी मारायची सर्रास पद्धत होती. पाण्यानं वजन वाढतं, भाव जास्त येतो. सगळेच मारायचे, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटत नसे. जमनालालजींनी आपल्याकडे ते बंद केलं. पहिल्यांदा नुकसान दिसलं. मग लक्षात आलं की त्यांच्या मालाचं नावच वेगळं झालं आहे. त्यांच्या गाठीत पाणी नाही, ही खात्री हीच त्यांची पत.

१९१५ मध्ये गांधीजी आफ्रिकेतून परतल्यावर जमनालालजी त्यांना भेटले, आश्रमात जाऊन राहिले, पारखून घेतलं. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. स्वागताध्यक्ष जमनालालजीच होते. तिथे त्यांनी गांधीजींकडे एक विचित्र मागणी केली, की मला तुमचा पाचवा मुलगा माना. एकतीस वर्षांचा, पोराबाळांचा, लखपती माणूस दुसऱ्यांदा दत्तक जायला निघाला होता! गांधीजींनी ते मान्य केलं.

त्यानंतर असहकार आला. सरकारनं दिलेली रावबहादुरीसारखी रायबहादूर ही पदवी आणि ऑनररी मॅजिस्ट्रेटचं पद त्यांनी सोडलं. वकिली सोडणाऱ्यांच्या घरच्या चुली चालाव्यात म्हणून एक लाख रुपये दिले. हे सगळं आपल्याला माहीत असतं. पण असहकारात कोर्टांवरही बहिष्कार होता, याचा विचार मी कधी केला नव्हता. सावकाराच्या दृष्टीनं याचा अर्थ काय, तर ज्यानं पैसे बुडवले त्याच्यावर दावा लावता येणार नाही. वसुलीचं हत्यारच खाली ठेवायचं. जमनालालजींनी ते ठेवलं. कोर्टातली कामं काढून घेतली, मिटतील ती आपसात किंवा पंचांकडून मिटवायची असं ठरवलं. यात पैसे बुडाले. ते बुडणार हे त्यांना ठाऊकच होतं, कारण हिशोब त्यांना आपल्यापेक्षा चांगला येत होता.

याच्या बरोबर उलटी गोष्ट १९२३ मध्ये घडली. नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला, त्याचं नेतृत्व जमनालालजींकडे होतं. त्यांना अठरा महिन्यांची सजा आणि ३,००० रुपये दंड झाला. सजा भोगली, दंड मात्र भरणार नाही म्हणाले. मग सरकारनं त्यांची मोटार आणि घोडागाडी जप्त केली आणि लिलाव पुकारला. तेव्हा मोटार म्हणजे केवढी अपूर्वाई! पण बोली लावायला माणूसच पुढे येईना. शेवटी ती मोटार विकण्यासाठी दूर काठेवाडात पाठवावी लागली.

मी हे वाचून थोडा वेळ पुस्तक मिटून ठेवलं. जप्त केलेली गाडी स्वस्तात मिळते म्हणून आज लोक लाइन लावतात. त्या दिवशी कुणी का नाही घेतली? भीतीनं नाही, सरकार तर उलट खूशच झालं असतं. घेतली नाही, कारण ती गाडी कुणाची आहे हे सगळ्यांना माहीत होतं. कोर्टाच्या कागदावर मालकी बदलली होती. लोकांच्या मनात बदलली नव्हती.

१९२१ मध्ये विनोबा वर्ध्याला आले, तेही जमनालालजींच्याच आग्रहामुळे. १९२८ मध्ये त्यांनी वर्ध्याचं आपल्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजासाठी खुलं केलं. त्या काळात नातेवाईक आणि जातवाले काय म्हणाले असतील याची कल्पना करा. पत्नी जानकीदेवींनी पडदा सोडला, सोनं सोडलं. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात विलेपार्ल्याच्या छावणीचं काम जमनालालजींनी पाहिलं आणि पुन्हा तुरुंगात गेले. काँग्रेसचे खजिनदार म्हणून ते वर्षानुवर्षं राहिले. देशभरातून गोळा होणारा पैसा या एका माणसाच्या भरवशावर ठेवला जाई. १९३४ मध्ये गांधीजी वर्ध्याला राहायला आले तेव्हा मगनवाडीची जागा यांनीच दिली. १९३६ मध्ये गांधीजी शेजारच्या शेगावला गेले, तेच पुढे सेवाग्राम झालं. आणि याच काळात, १९३१ मध्ये, उत्तर प्रदेशात गोला गोकर्णनाथ इथे साखर कारखानाही उभा राहिला. एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्या हातानं उभं करायचं, हे दोन्ही सोबतच चाललं होतं.

शेवटची काही वर्षं मात्र त्यांचं मन व्यवहारातून उठलं. १९३९ मध्ये जयपूर संस्थानात प्रजामंडळाच्या लढ्यात स्थानबद्ध झाले, १९४१ मध्ये वैयक्तिक सत्याग्रहात नागपूरला तुरुंगात गेले. प्रकृती ढासळली. सुटल्यावर वर्ध्याजवळ गोपुरीला एका साध्या झोपडीत राहून गोसेवेचं काम सुरू केलं. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते अचानक गेले. वय फक्त ५२. भारत छोडोचा ठराव त्यांनी पाहिला नाही, स्वातंत्र्यही नाही.

स्कूटर तर त्यांनी स्वप्नातही पाहिली नसेल. १९४५ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, त्यांचे थोरले चिरंजीव कमलनयन यांच्या काळात बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी निघाली. हो, तेच रागावलेले आजोबा, त्यांचंच नाव! १९४८ पासून ती बाहेरून आणलेल्या स्कूटर आणि तीनचाकी विकू लागली. १९५९ मध्ये इथे बनवायचा परवाना मिळाला आणि हीच कंपनी पुढे बजाज ऑटो झाली. इटलीच्या पियाजिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. त्याच वर्षी कमलनयनजी गेले, कारखान्याची सूत्रं त्याआधीच नातू राहुल बजाज यांच्याकडे आली होती. तो परवान्यांचा जमाना. स्कूटरला नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. गिऱ्हाईकच रांगेत असेल तर त्याला कर्ज द्यायची गरज कुठे? १९८० च्या दशकात जपानी कंपन्यांच्या भागीदारीत नवीन गाड्या आल्या, पुण्याच्याच कायनेटिकनं होंडाबरोबर स्कूटर काढली, आणि रांग हळूहळू सरकली. आता गिऱ्हाईक शोधणं आलं. १९८७ मध्ये आकुर्डीत फायनान्स कंपनी निघाली ती या पार्श्वभूमीवर. राहुल बजाज १२ फेब्रुवारी २०२२ रोजी पुण्यात वारले. आजोबा जाऊन तेव्हा बरोबर ऐंशी वर्षं आणि एक दिवस झाला होता.

कुणी म्हणेल, त्यागी माणसाचं नाव आणि कर्जाचा धंदा, याचं जमतं कसं? मीही आधी असंच समजत होते. पण जमनालालजी मुळात सावकाराच्या पेढीवरच वाढले. कर्ज देणं-घेणं हे पाप आहे असं त्यांनी कुठेच मानलं नाही. माझ्या बाबांना रोखीनं स्कूटर कधीच घेता आली नसती. हप्ता होता म्हणून तिच्यावरून आईची नोकरी झाली, माझी शाळा झाली. जमनालालजींचा आग्रह एवढाच होता, की गाठीत पाणी नको.

आता हे पाणी आपल्या कामाचं म्हणून सांगते. हॉस्टेलमध्ये दर महिन्याला कुणीतरी बाइक नाहीतर लॅपटॉप हप्त्यावर घेतंय. समजा ४०,००० रुपयांचं कर्ज, दोन वर्षांसाठी, सरळ १० टक्क्यांनी. म्हणजे व्याज ८,०००, एकूण ४८,०००, महिन्याला २,००० चे २४ हप्ते. ऐकायला दहा टक्के. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं आणि व्याज मात्र पूर्ण ४०,००० वर लावलेलं असतं. कमी होत जाणाऱ्या शिलकीवर हाच हप्ता बसवून बघितला (कॅल्क्युलेटर सगळ्यांकडे आहे, स्वतः करून बघा), तर खरा दर वर्षाला १८ टक्क्यांच्या थोडा वर निघतो. आकडा खोटा नाही, फक्त ओला आहे. म्हणून सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. व्याज सरळ की घटत्या शिलकीवर? हप्ते सोडून वरचा खर्च किती? आणि कर्ज फिटल्यावर आर.सी.वरची नोंद काढायला ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ कधी मिळेल? पेढे त्या दिवसासाठी ठेवा.

माझ्या स्कूटरचं काय झालं? मी आकडे मांडून बाबांना फोन केला. बाबा नेहमीप्रमाणे म्हणाले की जमेल, काळजी करू नकोस. पण जमनालालजींचं ते सतराव्या वर्षीचं पत्र माझ्या डोक्यातून जात नव्हतं. सोडता येणं हीसुद्धा एक कमाई असते. मी यंदा नको म्हटलं. त्याग वगैरे काही नाही, भावाची ॲडमिशन होऊ दे, मला नोकरी लागू दे. मग माझा हप्ता मीच भरेन आणि पावत्या टाचणीला टोचून ठेवीन. तोपर्यंत बस आहेच. तिची वाट बघताना मराठी अंक पाठ करते आहे. एकोणसाठ म्हणजे ५९, हे आता पक्कं झालंय.

जुन्या व्यापारी बिलांवर खाली छापलेलं असतं तेच माझ्या मराठीसाठी लिहून थांबते. भूलचूक देणे घेणे.

तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी